डंखहीन मधमाश्यांचे नर: सख्ख्या प्रजाती वेगळ्या कशा ओळखायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोयाच्या, म्हणजेच डंखहीन माश्या पाळणारे, कीटकांचे फोटो काढणारे आणि कीटकशास्त्राचे विद्यार्थी ज्या शंका सतत विचारतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. उत्तरे वाचताना एक गोष्ट वारंवार भेटेल. अगदी जवळच्या प्रजातींचा गुंता सोडवताना नर हा सर्वांत बोलका पुरावा असतो, पण तो कुठून आला आणि कोणत्या कामकरी माश्यांबरोबर आला याची नोंद असेल तरच. नोंद नसलेला नर कितीही सुंदर जपला तरी अर्धाच उपयोगी.

नरांच्या मागे कशाला लागायचे? कामकरी माश्या तर हव्या तेवढ्या मिळतात.

मिळतात, आणि अडचणही तिथेच आहे. जगभरात डंखहीन मधमाश्यांच्या ५०० हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक प्रजातींच्या कामकरी शेजारी शेजारी ठेवल्या तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक सांगता येत नाही. टेट्रागोनुला या आशियाई आणि ऑस्ट्रेलियन वंशाचेच बघा. जेमतेम चार मिलिमीटरची, काळी-तपकिरी, चकचकीत पाठीची माशी. फरक शोधायचे ते पाठीवरच्या केसांच्या पट्ट्यांत, मागच्या तंगडीच्या रुंदीत, पंखाच्या लांबीत. आणि ही सगळी मापे एकमेकांत शिरतात. एका प्रजातीची मोठी कामकरी आणि दुसरीची लहान कामकरी एकाच आकड्यावर येऊन थांबतात.

म्हणून जपानी कीटकशास्त्रज्ञ साकागामी यांनी १९७८ साली आशिया खंड आणि श्रीलंकेतल्या टेट्रागोनुलांचा आढावा घेतला, तेव्हा नराच्या पोटाच्या शेवटच्या पट्ट्या आणि जननसंपुट (जननेंद्रियांचा टणक संच) यांवर मोठा भर दिला. भारतीय उपखंडाला या धड्याची फार गरज होती. टेट्रागोनुला इरिडिपेनिस हे नाव ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ स्मिथने १८५४ साली तेव्हाच्या सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून आलेल्या माशीला दिले. पुढे उपखंडात भिंतीत किंवा झाडाच्या ढोलीत सापडलेल्या जवळजवळ प्रत्येक बारीक काळ्या डंखहीन माशीला तेच नाव चिकटत गेले. त्या एका नावाखाली खरोखर किती प्रजाती दडल्या आहेत, हा प्रश्न कामकरींचे ढीग मोजून सुटत नाही.

हातात आलेली माशी नर आहे हे आधी कसे ठरवायचे?

मिशीचे, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकेचे, खंड मोजा. बाकी सगळे त्यानंतर.

कामकरी आणि राणी यांच्या मिशीत १२ खंड असतात: लांब बुंधा, त्याला जोडलेला आखूड खंड आणि पुढे १० खंडांचा चाबूक. नराच्या मिशीत १३, कारण चाबकाचे खंड ११. त्यामुळे नराची मिशी जरा लांब आणि किंचित वळलेली दिसते. पण नुसत्या लांबीवर जाऊ नका, खंड मोजा. २० पट भिंगाखाली, मिशीच्या मागून प्रकाश सोडला की सांधे स्पष्ट दिसतात.

दुसरी खूण मागच्या पायाची. कामकरीची मागची तंगडी टोकाकडे रुंद होते, तिची बाहेरची बाजू खोलगट व गुळगुळीत असते आणि कडेला लांब केसांचे कुंपण असते. हीच परागटोपली. नराची तंगडी अरुंद, बाहेरून सपाट किंवा फुगीर. इथे एक सावधगिरी: राणीलाही परागटोपली नसते. पिलाव्यातून (अंडी, अळ्या आणि कोश असलेल्या कोठड्यांतून) नुकतीच बाहेर आलेली कुमारी राणी पाय बघून नर समजली जाऊ शकते. आणि काही वंशांत, विशेषतः मेलिपोनात, नराच्या तंगडीवरही उथळ खळगा असतो. म्हणूनच मिशी आधी.

तिसरी खूण नख्यांची, आणि ती मला सर्वांत विश्वासाची वाटते. कामकरीची नखी साधी, एका टोकाची असते. नराची नखी टोकाला दुभंगलेली असते. मिशी तुटलेल्या जुन्या नमुन्यातही एखादा पाय शिल्लक असतोच, आणि तेवढ्यावर काम भागते. शिवाय नराच्या पोटाला वरून सात पट्ट्या दिसतात, कामकरीला सहा. नराचे जबडे बारीक, डोळे थोडे मोठे आणि चेहऱ्याच्या खालच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेले, त्यामुळे चेहरा खाली निमुळता वाटतो. मात्र सातेरी किंवा इतर डंखवाल्या मधमाश्यांच्या नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकतात, तसे काही इथे शोधू नका.

डंख नाही, म्हणजे नरच ना?

नाही. या कुळात कामकरी आणि राणी यांचाही डंख खुरटलेला, निरुपयोगी असतो. डंखाच्या असण्या-नसण्यावरून इथे लिंग ठरत नाही.

ती डंखहीन माशीच आहे हे कशावरून?

पंखावरून. डंखहीन माश्यांच्या पुढच्या पंखातल्या बाहेरच्या शिरा विरत गेलेल्या असतात, पंखाचा टोकाकडचा भाग जवळजवळ कोरा दिसतो. ब्राउनसॅपिससारख्या छोट्या एकट्या-दुकट्या माश्यांच्या नरांचा चेहरा फिकट पिवळा-पांढरा असतो आणि फोटोत ते हमखास चकवतात, पण त्यांच्या पंखात शिरांच्या बंद चौकटी नीट दिसतात.

नर सापडतात कुठे?

तीन ठिकाणी. पोळ्याच्या आत, पोळ्याबाहेर जमलेल्या घोळक्यात आणि फुलांवर. फुलावर नर फक्त मकरंदासाठी येतो, पायावर पराग नसतो. पण फुलावर एकटा पकडलेला नर कोणत्या वसाहतीचा हे सांगता येत नाही, म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने तो सर्वांत कमी कामाचा.

पोळ्यात नर वर्षभर सारखे नसतात. वसाहत भरभराटीला असते आणि अन्न मुबलक असते तेव्हा नर जास्त निपजतात. पंख फुटल्यावर काही दिवस ते पोळ्यात राहतात, मग बाहेर पडतात आणि सहसा परत येत नाहीत. पेटी उघडलीच असेल तर पिलाव्याच्या फिकट झालेल्या भागाकडे लक्ष द्या. अळीने कोश विणला की कामकरी बाहेरचे मेण-राळ खरवडून नेतात आणि तो भाग उजळ दिसू लागतो. तिथे आत प्रौढ होत आलेले कोशस्थ जीव असतात.

पेटीसमोर शेकडो नर घोंगावताहेत. ते याच पेटीतले असतील ना?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि उत्तर बहुतेक वेळा "नाही" असे आहे.

पोळ्यात कुमारी राणी उडण्याच्या तयारीत असली की आसपासच्या अनेक वसाहतींतले नर त्या दारासमोर जमतात. दिवसा हवेत तरंगतात, मध्येच जवळच्या काडीवर, पानावर, तारेवर रांगेने बसतात. ऑस्ट्रेलियातल्या टेट्रागोनुला कार्बोनारियाच्या आणि मेक्सिकोतल्या स्कॅप्टोट्रायगोना मेक्सिकानाच्या अशा घोळक्यांची जनुकीय तपासणी झाली आहे. दोन्हीकडे एकाच घोळक्यात अनेक वसाहतींचे नर निघाले. जवळच्या नात्यात संभोग टाळण्याच्या दृष्टीने हे अगदी सयुक्तिक आहे. पण ओळख पटवणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की पेटीसमोरून पकडलेला नर आणि पेटीतली कामकरी एकाच लेबलाखाली ठेवणे म्हणजे पुरावाच बिघडवणे. जिथे दोन सख्ख्या प्रजाती एकाच परिसरात नांदतात, तिथे तर या चुकीतून एका प्रजातीचा नर दुसरीच्या नावावर नोंदला जाऊ शकतो, आणि मग पुढचे सगळे त्याच नमुन्याशी तुलना करत बसतात.

नर आणि कामकरी यांची खात्रीशीर जोडी हवी असेल तर नर पिलाव्यातून निघताना घ्या. फिकट कोशांचा छोटा तुकडा झाकणाच्या स्वच्छ डबीत, उबदार आणि किंचित दमट जागी ठेवायचा आणि बाहेर येणारे जीव रोज तपासायचे. डबीचे झाकण घट्ट हवे. फुटलेल्या कोठड्यांच्या वासावर फोरिड जातीच्या बारीक माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या सगळा तुकडा फस्त करतात. नुकता निघालेला नर फिकट आणि मऊ असतो, म्हणून त्याचे कवच टणक होऊन खरा रंग चढेपर्यंत थांबावे लागते.

याचा अर्थ घोळक्यातले नर टाकाऊ असा नाही. परिसरात कोणकोणत्या प्रजाती आहेत याचा तो उत्तम अंदाज देतो. फक्त लेबलवर "पोळ्याबाहेरील घोळक्यातून" हे शब्द हवेत.

घोळका नरांचा आहे की दोन वसाहतींची मारामारी चालू आहे?

मारामारीत कामकरी एकमेकींना जबड्यात धरून जोडीने जमिनीवर पडतात आणि मरतात. नर भांडत नाहीत. खाली मेलेल्या माश्यांचा सडा असेल तर काही उचला आणि पाय पाहा. परागटोपली दिसली की ती लढाईच.

लढाई सरली तरी नोंद करून ठेवा. कार्बोनारिया आणि हॉकिंग्सी या दोन ऑस्ट्रेलियन प्रजातींमध्ये एकीने दुसरीचे पोळे बळकावल्याच्या घटना अभ्यासल्या गेल्या आहेत. बळकावल्यानंतर काही काळ जुन्या राणीचा पिलावा आतच असतो. त्या काळात एकाच पेटीतून दोन प्रजातींचे जीव बाहेर पडू शकतात.

रंगावरून ओळखता येत नाही का?

कधी येते, बऱ्याचदा नाही. येते त्याचे चांगले उदाहरण ब्राझीलच्या मेलिपोना क्वाड्रिफॅसिआटाचे. तिच्या एका उपप्रजातीत पोटावरचे पिवळे पट्टे अखंड असतात, तर अँथिडिऑइडीस या उपप्रजातीत ते मधे तुटलेले असतात. नजरेलाच फरक कळतो.

उलट उदाहरण ऑस्ट्रोप्लेबेयाचे. या वंशात चेहऱ्यावर आणि पाठीच्या मागच्या कडेला मलईच्या रंगाचे ठिपके-पट्टे असतात. ते कुठे ठळक, कुठे पुसट, कुठे नाहीतच. त्या फरकांवर पूर्वी बरीच नावे दिली गेली. २०१५-१६ च्या सुमारास बाह्य रचना, पंखांची मापे आणि डीएनए हे सगळे एकत्र लावून तपासले, तेव्हा कित्येक नावे एकमेकांत विलीन झाली आणि ऑस्ट्रेलियात पाच प्रजाती उरल्या. रंग वस्तीगणिक आणि माशीगणिक बदलत होता, प्रजाती बदलत नव्हती.

नरांच्या बाबतीत रंगाला आणखी दोन खोड्या आहेत. एक वयाची: कोवळा नर फिकट असतो, त्याच्या मिशीचा बुंधा पिवळसर दिसला म्हणून ते प्रजातीचे लक्षण ठरत नाही. दुसरी जपणुकीची: अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या नमुन्याचे पिवळे-तांबूस रंग उतरतात. कोरडा टाचलेला नमुना आणि अल्कोहोलमधला नमुना यांची रंगावरून तुलना करूच नये.

मग नरात पाहायचे तरी काय?

पोटाचे टोक. तिथे दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे शेवटच्या पोटपट्ट्या (पोटाच्या खालच्या बाजूच्या पट्ट्या), विशेषतः पाचवीपासून पुढच्या. त्या एकाखाली एक सरकलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून पूर्ण दिसत नाहीत. सहाव्या पोटपट्टीच्या मागच्या कडेला मध्यभागी जो उंचवटा किंवा जीभ असते, तिची लांबी, रुंदी आणि टोकाचा आकार टेट्रागोनुलात फार उपयोगी पडतो. सातवी पट्टी पातळ आणि नाजूक असते, तिची बाह्यरेषा पाहायची.

दुसरी म्हणजे जननसंपुट. बाजूला दोन मजबूत पाळ्या, त्यांच्यापासून निघालेल्या दोन बारीक लांब काड्या आणि मध्ये शिश्नाच्या दोन आकड्यासारख्या झडपा. काड्या कुठून फुटतात, टोकाला फुगतात की निमुळत्या होतात, त्यांवर केस कुठवर आहेत, झडपांचा बाक किती आणि टोक बोथट की अणकुचीदार, हे टिपायचे.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. प्रजातींचे गट वेगळे करायला संपुट जवळजवळ हुकमी आहे. एकाच गटातल्या अगदी सख्ख्या प्रजातींत फरक सूक्ष्म होत जातो आणि तिथे एक नर पुरत नाही. एकाच वसाहतीतले निदान चार-पाच नर शेजारी ठेवून, त्यांच्यातला आपसातला फरक किती हे आधी समजून घ्यावे लागते. तेवढाच फरक दोन वसाहतींत दिसला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

संपुट बाहेर काढायचे कसे? माशी एवढीशी, हात थरथरतो.

ताजा नमुना असेल तर निम्मे काम सोपे होते. वाळलेला असेल तर आधी मऊ करा: झाकणाच्या डबीत ओला टिपकागद, त्यावर छोटी बशी, बशीत माशी, आणि एक रात्र. बुरशी धरू नये म्हणून त्याहून जास्त ठेवू नका.

काहीही करण्याआधी एक पाय तोडून निर्भेळ किंवा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा. तो डीएनएसाठी. ही पायरी विसरली की पुढे पश्चात्ताप होतो, कारण पुढचे रसायन ऊती खाऊन टाकते.

मग सर्वांत बारीक कीटक-टाचणीचे टोक काचेवर किंचित दाबून आकडा करा. माशी उताणी, पोटाचे टोक तुमच्याकडे. शेवटच्या पाठपट्टी आणि पोटपट्टीमध्ये आकडा हलकेच सरकवायचा, वळवायचा आणि संपुट बाहेर ओढायचे. जोर लावायचा नाही. अडले तर पोटाचा मागचा अर्धा भागच सरळ वेगळा करा. त्यात लाज काही नाही, उलट पट्ट्या शाबूत राहतात.

हा भाग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. एवढ्या छोट्या माशीला खोलीच्या तापमानात काही तास पुरतात. अधूनमधून पाहत राहा, कारण जास्त वेळ राहिले की फिकट पातळ पट्ट्या इतक्या पारदर्शक होतात की त्यांची कडच दिसेनाशी होते. स्नायू विरघळून कवच तांबूस-स्वच्छ दिसू लागले की बाहेर काढा, पाण्यात धुवा, मग अगदी सौम्य ॲसेटिक आम्लात क्षणभर, पुन्हा पाण्यात, आणि शेवटी ग्लिसरीनच्या थेंबात.

आता सहाव्या आणि सातव्या पट्ट्या सुईने सुट्या करा आणि संपुट वरून, खालून, बाजूने असे तिन्ही दिशांनी पाहा. यावर आच्छादन-काच ठेवण्याची घाई करू नका. काचेखाली काड्या चपट्या होऊन बाहेर फाकतात, आणि मग आकारातला फरक प्रजातीचा की काचेच्या दाबाचा हे कळत नाही. प्रत्येक नराचे चित्र किंवा फोटो त्याच त्या कोनातून घ्या. शेवटी सगळे भाग ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून ती कुपी त्याच माशीच्या टाचणीला लावायची. माशी एका पेटीत आणि संपुट दुसरीकडे असे झाले तर दोन्हींची किंमत जाते.

जननसंपुटे प्रजातीप्रजातीत वेगळी का असतात?

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लिऑन द्युफूर यांनी १८४४ साली कुलूप-किल्लीची कल्पना मांडली: नर-मादीची इंद्रिये एकमेकांत चपखल बसतात आणि परक्या प्रजातीशी संबंध त्यामुळे अडतो. नंतरच्या काळात लैंगिक निवडीचे स्पष्टीकरण पुढे आले. मादीला अधिक भावणारा किंवा स्पर्धेत सरस ठरणारा आकार पिढ्यान्‌पिढ्या झपाट्याने बदलत जातो, मग शरीराचा बाकी भाग तसाच राहिला तरी चालतो.

या माश्यांत एक विशेष गोष्ट आहे. मेलिपोनाच्या काही प्रजातींत संभोगानंतर नराचे संपुट तुटून राणीच्या शरीरातच अडकून राहते. नुकतीच उड्डाणावरून परतलेली राणी अशा अवस्थेत हाती लागली तर बापाचा पुरावा तिच्याबरोबरच मिळतो.

मापे घेऊन संगणकावर वर्गवारी केली तर?

चालते, दोन अटींवर. नरांची तुलना नरांशीच करा. कामकरींच्या मापांवर बेतलेले सूत्र नराला लावले तर उत्तर येते, पण ते निरर्थक असते. दुसरे असे की एका पोळ्यातले दहा भाऊ म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्यांची आई एक, वाढीचे अन्न तेच. मोजणीचे एकक वसाहत धरा. वीस वसाहतींतले दोन-दोन नर हे दोन वसाहतींतल्या वीस-वीस नरांपेक्षा कितीतरी मोलाचे.

पंखांच्या शिरांच्या सांध्यांवर खुणा करून आकार तोलण्याची पद्धत इथेही वापरतात. शिरा कमी असल्यामुळे खुणेच्या जागाही कमी मिळतात. मागच्या पंखाच्या कडेवरचे हुकांसारखे बारीक आकडे मोजणे सोपे आहे, टेट्रागोनुलात ते सहसा पाच असतात, पण त्याने वंश कळतो, प्रजाती नाही.

डीएनए तपासला की सगळा वादच मिटेल ना?

बराच मिटतो, सगळा नाही. नराची एक मोठी सोय आहे. तो फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे केंद्रकातल्या जनुकांचे वाचन स्वच्छ येते, आईची प्रत आणि बापाची प्रत यांची सरमिसळ नसते. ऑस्ट्रेलियातल्या कार्बोनारियाच्या जवळची डेव्हनपोर्टी ही प्रजाती २००४ साली वेगळी काढली गेली ती मुख्यतः अशा केंद्रकीय खुणांच्या जोरावर. नुसत्या कामकरी बघून ती वेगळी काढणे शक्य नव्हते.

बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यासाठी, वापरतात तो मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा मात्र फक्त आईकडून येतो. शिवाय त्याच्या जुन्या, निकामी नकला कधी कधी केंद्रकात शिरलेल्या असतात आणि चुकून त्याच वाचल्या जातात. एका तुकड्यावर प्रजातीचा निकाल देऊ नका. डीएनए आणि संपुट एकाच नराचे असेल आणि दोन्ही एकच सांगत असतील, तेव्हा निश्चिंत व्हा.

दोन प्रजातींचा संकर झाला असेल तर नरात दिसेल का?

पहिल्या पिढीत दिसणार नाही, आणि इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो.

समजा अ प्रजातीच्या राणीचा संबंध ब प्रजातीच्या नराशी आला. तिच्या मुली, म्हणजे कामकरी, संकरित असतील. पण तिचे मुलगे फलनाशिवाय जन्मलेले, त्यांना बापच नाही. ते शुद्ध अ असतील. पेटीतल्या कामकरी मधल्याच कुठल्यातरी दिसतात आणि नर मात्र चोख अ प्रजातीचे, असे चित्र दिसले तर ते विसंगत नाही. उलट त्यातून आई कोणती होती हे पक्के कळते.

पुढच्या पिढीत मात्र चित्र पालटते. संकरित मुलगी राणी झाली तर तिच्या प्रत्येक मुलात अ आणि ब यांचे वेगवेगळे मिश्रण उतरते. भावाभावांची संपुटे एकमेकांपासून नेहमीपेक्षा जास्त वेगळी दिसतील. काही प्रजातींत कामकरीही नराची अंडी घालतात. त्या संकरित असतील तर त्यांच्या मुलांतही असेच मिश्रण येते. म्हणून संकराची शंका असेल तिथे एकाच पेटीतले जितके जास्त नर तपासाल तितके बरे.

एका पेटीत अचानक नरच नर निघताहेत. काही बिघडले आहे का?

असू शकते. राणी आणि तिचा जोडीदार यांच्यात लिंग ठरवणाऱ्या जनुकाची एक प्रत सारखी निघाली, तर फलित अंड्यांपैकी निम्म्यांतून कामकरींऐवजी द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेले, नर जन्मतात. डंखवाल्या मधमाश्यांत असे नर अळीपणीच मारले जातात, डंखहीन माश्यांत ते वाढून बाहेर येतात. मोजक्या वसाहतींचे वारंवार विभाजन करून पेट्या वाढवल्या आणि बाहेरून नवे नर येतच नसले तर हा धोका वाढतो.

ओळख पटवण्यात याचा फटका असा की द्विगुणित नराच्या केंद्रकीय डीएनएत दोन प्रती दिसतात आणि पाहणारा त्याला संकर समजून बसतो. आधी गुणसूत्रांचे संच तपासा, मग संकराची गोष्ट करा.

शरीरावरच्या मेणचट थरावरून ओळखता येते म्हणतात?

कवचावरच्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण प्रजातीनुसार वेगळे असते, हे खरे. पण डंखहीन माश्या झाडांची राळ गोळा करतात आणि राळेतली रसायने त्यांच्या अंगावरही उतरतात. कोणत्या झाडांची राळ मिळाली त्यावर वासाचा काही भाग ठरतो. त्यामुळे एकाच परिसरातल्या वसाहतींची तुलना भरवशाची, दूरदूरच्या वसाहतींची जपून करावी.

पोळ्याच्या रचनेचा आधार घ्यावा का?

जरूर घ्यावा. कार्बोनारियाच्या पिलाव्याच्या कोठड्या एका सपाट, गोल गोल चढत जाणाऱ्या सर्पिलात बांधलेल्या असतात. हॉकिंग्सीच्या छोट्या छोट्या तुकड्यांच्या, मधे फटी असलेल्या पायऱ्या दिसतात. कामकरी सारख्याच, पण पेटीचे झाकण उघडताच फरक समोर. नर गोळा करताना पिलाव्याचा वरून एक आणि बाजूने एक फोटो घेतलाच पाहिजे. नुकतेच बळकावलेले किंवा नुकतेच हलवलेले पोळे असेल तर रचना अर्धवट असते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

माझ्याकडे फक्त फोटो आहे. नाव सांगाल?

वंशापर्यंत बहुतेक वेळा सांगता येते, लिंगही सांगता येते. टेट्रागोनुलाच्या नराची प्रजाती फोटोवरून सांगणारा माणूस अंदाज करतो आहे असे समजा. तरीही फोटो घ्यायचाच असेल तर चेहरा समोरून, मागचा पाय बाहेरून, पूर्ण मिशी एका बाजूने आणि पोटाचे टोक खालून असे चार घ्या. पाठीवरून काढलेला सुंदर फोटो यांच्यासमोर काहीच सांगत नाही.

लेबलवर काय काय लिहू?

ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव हे नेहमीचे. त्याखेरीज नरासाठी तीन गोष्टी: वसाहतीचा क्रमांक, नर कुठे मिळाला (पिलाव्यातून, पोळ्याच्या आत, बाहेरच्या घोळक्यात की फुलावर) आणि त्याच वसाहतीतल्या कामकरींचे क्रमांक. डीएनएसाठी काढलेल्या पायाच्या कुपीवरही तोच क्रमांक. अल्कोहोलमधल्या लेबलसाठी पेन्सिल वापरा. संरक्षित क्षेत्रात गोळा करायचे असेल तर परवानगीचा क्रमांकही.

खूप शोधूनही नर मिळालाच नाही. आता नाव काय द्यायचे?

"टेट्रागोनुला, इरिडिपेनिस गट" एवढेच लिहा. हे अपुरे नाव नाही, हातात असलेल्या पुराव्याएवढे नेमके नाव आहे. त्याच वसाहतीवर खूण करून ठेवा, कामकरी इथेनॉलमध्ये राखून ठेवा, आणि पुढच्या फुलोऱ्याच्या हंगामात वसाहत जोमात असताना फिकट कोशांचा एक छोटा तुकडा पुन्हा घ्या. नर निघाले की जुन्या कामकरींच्या लेबलला नवा क्रमांक जोडायचा. जुने लेबल काढून टाकायचे नाही, त्याच्या खाली दुसरे लावायचे.